दहावा धडा उघडत नाही

६ जानेवारी, सोमवार

सातवा धडा उघडत नाही, असा निरोप आहे.

काल दानेश्वरीचा फोन होता. कलबुर्गीच्या वसतिगृहात मुलींना फोन फक्त रविवारी मिळतो, तोही दहा मिनिटं. त्यातली चार आईची आणि सहा माझी, असं तिनं आपलं आपणच वाटून टाकलंय. म्हणाली, "बाई, मेल आला. पण लिंकवर एंटर दाबलं की कंप्युटर बोलायलाय, ही लिंक धोक्याची हाय, तुमच्या भल्यासाठी बंद केलीय. मी तीनदा दाबलं. तीनदा तेच."

धोक्याची. औरादमध्ये एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. मला कंटाळवाणी म्हणणारे निघतील, पण धोक्याची म्हणून आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

वही नवी आहे, म्हणून थोडं मागचं लिहून ठेवते. चिंताकीची राजूबाई माझी जुनी विद्यार्थिनी. नोव्हेंबरात तुरीच्या शेंगा घेऊन आली आणि ओट्यावर बसून म्हणाली, "बाई, पोरगी दहावीला हाय." पोरगी म्हणजे दानेश्वरी. जन्मापासून दिसत नाही. अशा मुलांना विज्ञानाऐवजी दुसरा विषय घेता येतो आणि सगळ्यांनी तिला तेच सांगितलं. तिनं विज्ञानच घेतलं. पण मराठीत ब्रेल पुस्तक मिळेना. वसतिगृहातल्या बाकी मुली कन्नड माध्यमाच्या, त्यांच्यासाठी बोलकी पुस्तकं आहेत. ही एकटीच मराठीची.

म्हणून मी धडे वाचते, समजावून सांगते, आवाज भरते आणि इंटरनेटवरच्या माझ्या पानावर ठेवते. फाइल जड असते, मेलला पेलत नाही, म्हणून नुसती लिंक पाठवायची. तिकडे बोलणारा संगणक आहे, पण मेल सोडून त्याच्यावर मुलींना दुसरं काही उघडू देत नाहीत. एकूण तेरा धडे. परीक्षा मार्चमध्ये.


८ जानेवारी, बुधवार

कारण सापडलं असं वाटतं. सातवा धडा प्रजननाचा आहे. मेलमध्ये मी शीर्षक सरळ लिहिलं होतं आणि खाली कोणकोणते अवयव येतात तेही, क्रमवार. मेलच्या कंपनीत कुणीतरी सोवळं माणूस बसलेलं असणार, किंवा तसं सोवळं यंत्र. आज तोच मेल "सजीवांची पुढची पिढी" असं नाव देऊन पुन्हा पाठवला.

ह्यांना सांगितलं तर पेपरातून मान वर न करता म्हणाले, "आमच्या तहसील कचेरीत अर्जात काय लिहिलंय हे कोण बघत होतं? अर्ज कोणत्या टेबलावरून आलाय तेवढंच बघत." ह्यांना प्रत्येक गोष्टीत कचेरी आठवते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली.


१२ जानेवारी, रविवार

आजची सहा मिनिटं वाईट गेली.

"सजीवांची पुढची पिढी" पण उघडली नाही. आठवा, आनुवंशिकतेचा, उघडला. नववा आणि दहावा बंद. मी विचारलं, नीट एंटर दाबलंस ना? ती म्हणाली, "बाई, एक विचारू का? नववा धडा उजेडाचा हाय आन दहावा डोळ्याचा. उजेडाचेच धडे कामून बंद हायत?"

मी म्हटलं, काहीतरी तांत्रिक असेल.

"तुमी मुद्दाम तर न्हाई ना ठिवले बंद? सांगा मला. मी रागाला येत न्हाई. चित्रकलेच्या तासाला मला व्हरांड्यात बसवायचे. डोळ्याचा धडा आला की म्हनायचे, तुला काय करायचंय त्याचं. सवय हाय मला."

मी नाही नाही म्हणत राहिले आणि वेळ संपली.

इथं तरी खरं लिहायला हवं. मी मुद्दाम बंद केलेला नाही. पण दहावा धडा भरायला मी आठ दिवस टाळाटाळ केली होती. "मानवी डोळा आणि रंगीबेरंगी जग." हे त्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं, असं वाटत होतं. तो गाळावा का, असंही एकदा मनात आलं. मग एके दिवशी सकाळी उठले आणि भरून टाकला. प्रकाश वाकतो कसा, हे सांगायला दोन मैत्रिणी हातात हात घालून डांबरी रस्त्यावरून नांगरलेल्या रानात तिरप्या पळत शिरतात, असं घेतलं. जिचा पाय आधी ढेकळात पडतो ती मंदावते, दुसरी पुढं जाते आणि दोघींची दिशाच बदलते. बरं जमलं होतं. आणि नेमकं तेच तिच्यापर्यंत पोहोचलेलं नाही.


१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तीळगूळ घ्यायला बायका येऊन गेल्या. मन कशातच नव्हतं.

दुपारी एक युक्ती सुचली. तिन्ही धडे पेन ड्राइव्हवर घेतले, तीळगुळाच्या डब्यात ठेवले आणि कलबुर्गीच्या बसच्या कंडक्टरकडे दिले. तो माझा विद्यार्थी नाही, पण त्याची बायको आहे. म्हणाला, "बाई, निवांत राहा. डबा हातात देऊनच पुढं जातो."


१६ जानेवारी, गुरुवार

डबा पोहोचला. तीळगूळ संपला. पेन ड्राइव्ह मात्र तसाच आहे. वसतिगृहाच्या संगणकांना मागच्या वर्षी व्हायरस लागला होता, तेव्हापासून पेन ड्राइव्हची भोकं लाखेनं बुजवून टाकली आहेत. हे मला तिथल्या संगणकाच्या शिक्षिकेनं, सौम्यानं, फोन करून कळवलं. आळंदची मुलगी. घरी कन्नड, पण मराठी बोलते, फक्त शब्दांचं लिंग तिच्या मर्जीनं. "मॅडम, तुमच्या तीळगूळ फार चांगली होती. पेन ड्राइव्ह चालत नाही. सॉरी."

आवाजावरून चांगली वाटली. ती मदत करायला तयार आहे.

आणखी एक विचित्र गोष्ट. माझ्या पानावर कोणता धडा किती वेळा ऐकला गेला, तो आकडा दिसतो. दहावा धडा तीन वेळा ऐकलेला दाखवतोय. नववा दोनदा. तिकडे एकदाही उघडला नाही, मग ऐकला कुणी? आकडे मोजणारंच बिघडलेलं दिसतंय. अशा बिघडलेल्या यंत्रांच्या भरवशावर मी एका पोरीची दहावी ठेवली आहे.


२० जानेवारी, सोमवार

आज जेवताना हे म्हणाले, "डोळ्याच्या पडद्यावर चित्र उलटं पडतं म्हणं. मेंदू ते सुलट करून घेतो." मी म्हटलं, हे तुम्हाला कुठून कळलं? म्हणाले, पेपरात होतं. पेपरात हल्ली चांगलं यायलंय म्हणायचं.

त्यावरून स्वतःचीच लाज वाटली. पंधरा दिवस मी नुसते तर्क करत बसलेय. सोवळी कंपनी, उजेडाचे धडे, बिघडलेलं यंत्र. वर्गात पोरांना काय सांगत होते? एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं तसंच ठेवा, मग काय होतं ते पाहा. आमच्या शाळेला प्रयोगशाळा नव्हती. एक मेणबत्ती, दोन पेले आणि उरलेलं तोंडी. खरा प्रयोग, ज्याचं उत्तर मलाच माहीत नाही, असा मी आयुष्यात केलेला नाही.

उद्यापासून करायचा. सौम्याशी बोलले. रोज दुपारी मुली जेवायला गेल्या की ती मुलींच्याच खात्यातून माझे मेल उघडून पाहील आणि फोन करील. रोज एकच प्रयोग.


२१ जानेवारी, मंगळवार

प्रयोग पहिला. आठव्या धड्याची लिंक, जी उघडते. तिच्याभोवती मजकूर सातव्याचा, सगळ्या अवयवांसकट.

सौम्या: "उघडली, मॅडम."

म्हणजे शब्दांचा काही दोष नाही. कंपनीतल्या त्या सोवळ्या माणसाची मनातल्या मनात क्षमा मागितली.


२२ जानेवारी, बुधवार

प्रयोग दुसरा. मजकूर आठव्याचा, लिंक दहाव्याची. बंद. मग दोष लिंकमध्येच आहे.


२४ जानेवारी, शुक्रवार

काल वीज नव्हती. प्रयोग तिसरा आज केला. दहाव्या धड्याच्या जागेवरून डोळ्याचा धडा काढला आणि तिथं आठवा ठेवला, जो एरवी बिनबोभाट उघडतो. लिंक तीच.

बंद.

म्हणजे धड्यात काय आहे याच्याशी काही देणंघेणंच नाही. प्रकाश असो, डोळा असो, आनुवंशिकता असो. मला इतका आनंद झाला की सौम्याला फोनवरच "शाब्बास" म्हटलं. ती म्हणाली, "मॅडम, बंदच आहे, आनंद कशाला?" मी म्हटलं, उत्तर चुकीचं आलं तरी प्रयोग बरोबर आहे. ती हसत सुटली.


२५ जानेवारी, शनिवार

प्रयोग चौथा. त्याच ठिकाणी एक कोरं पान उघडलं. त्यावर एकच शब्द, "नमस्कार". त्याची लिंक पाठवली.

बंद. कंपनीला माझा नमस्कारही धोक्याचा वाटतो.

मग चष्मा लावून बसले आणि उघडणाऱ्या व न उघडणाऱ्या लिंका एकाखाली एक लिहून काढल्या. एक एक अक्षर जुळवत गेले आणि सुरुवातीलाच अडले. दोन्हींची सुरुवातच वेगळी आहे. आणि मग आठवलं.

माझं पहिलं पान पुतण्यानं, गिरिधरनं, मी निवृत्त झाले तेव्हा काढून दिलं होतं. सहा धड्यांत ते भरलं. डिसेंबरात "फुकट जागा" अशी एक जाहिरात दिसली, तिथं मी माझी मीच दुसरं पान उघडलं आणि केवढी फुशारले होते. सातवा तिथं ठेवला. आठवा छोटा होता, जुन्या पानावर उरलेल्या कोपऱ्यात बसला. नववा आणि दहावा पुन्हा नव्या जागेत. मीच केलं आणि मीच विसरले.


२७ जानेवारी, सोमवार

काल झेंडावंदनाच्या गडबडीत दानेश्वरीशी दोनच मिनिटं बोलता आलं. म्हटलं, कारण जवळजवळ सापडलंय. "बरं," एवढंच म्हणाली. तो "बरं" मला आवडला नाही.

आज सौम्यानं शोधून सगळं सांगितलं. त्या फुकट जागेत कुणीही येऊन पान उघडू शकतं, नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. त्यामुळं तिथं भामट्यांनी गर्दी केली आहे. खोट्या बँका, खोट्या लॉटऱ्या, तुमचं पार्सल अडकलंय म्हणणारे. लोक फसले, तक्रारी झाल्या. मेलच्या कंपनीनं एक एक पान तपासत न बसता त्या जागेचा सगळा पत्ताच काळ्या यादीत टाकला.

"मॅडम, तुमचा घर स्वच्छ आहे," सौम्या म्हणाली. "गल्ली बदनाम आहे. पोलीस गल्लीच्या तोंडाला उभा आहे, कुणालाच आत सोडत नाही."

कंपनीला रागानं एक लांब पत्र लिहिलं होतं, ते खोडून साधं लिहिलं. माझ्या तीन धड्यांच्या लिंका, त्यात काय आहे, कुणासाठी आहे. कंपनीची तरी चूक कशी म्हणू? त्या खोट्या बँकेत दानेश्वरीच फसली असती तर?

पण उत्तराची वाट पाहत बसायला वेळ नाही. अजून तीन धडे भरायचे आहेत आणि तेही कुठंतरी ठेवायचे आहेत. ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून म्हणाले, "बरोबर हाय." मी म्हटलं, हे इतकं साधं होतं, पण कुणाच्या डोक्यात आलं नाही बघा. हे नुसते मिशीत हसल्यासारखं वाटलं.


१ फेब्रुवारी, शनिवार

जुन्या पानावर जागा कशानं भरली आहे ते पाहिलं. धड्यांनी निम्मीच. उरलेली निम्मी माझ्या निरोपसमारंभाच्या व्हिडिओनं. एक तास दहा मिनिटं. मुख्याध्यापकांचं भाषण, मुलींचं गाणं, शेवटी मी बोलायला उभी राहते आणि बोलता येत नाही, मग कुणीतरी पाणी आणून देतं. वर्षातून एकदा तरी मी तो पाहते.

काढून टाकला की राहिलेले सहाही धडे बसतात.

सकाळीच काढणार होते, ह्यांना तसं सांगितलंही, पण त्यांना नेमका त्याच वेळी संगणक हवा होता. पेपर वाचायचा म्हणे. घरात कागदाचा पेपर पडलेला. अर्धा तास बसले, मधूनच "हे पेन ड्राइव्ह कुठल्या बाजूनं लावायचं गं" असं काहीतरी विचारलं. मी स्वयंपाकघरात होते, वैतागून म्हटलं, कुठल्याही बाजूनं लावा, पण लवकर उठा. उठले ते एकदम खुशीत. "कर आता तुझं काम," म्हणाले.

बटण दाबायला बोट पुढं जाईना. मग दाबलं. वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. सातवा, नववा, दहावा तिथं आणून ठेवले आणि लिंका पाठवल्या. सौम्याला फोन केला. मुली जेवायला गेल्या होत्या, पण ती म्हणाली, "थांबा, मी नाही उघडत. दानेश्वरीला उघडू दे."


२ फेब्रुवारी, रविवार

फोन वाजला तेव्हा मी दाराशी भाजी घेत होते. ह्यांनी उचलला, "थांब बाळ, आली," म्हणाले आणि भाजीवाल्याचा भोंगा बंद करायला स्वतः बाहेर गेले.

"बाई, उघडला. डोळ्याचा. काल दोनदा ऐकला, आज एकदा."

मी विचारलं, समजला का?

"ते ढेकळातलं लई आवडलं. मी आन सौम्या अक्का पळून बघितलाव. फरशीवरून वाळूत. मी वाळूच्या बाजूला व्हते. खरंच वळलाव बाई. अक्का पडल्या."

मग म्हणाली, "मी तुमाला मुद्दाम म्हनलं. चुकलं माझं."

मी म्हटलं, चुकलं नाही. माझ्या मनात एकदा आलं होतं गाळायचं. आठ दिवस. मग भरला.

ती म्हणाली, "मग भरला कामून?"

"तू विज्ञान कामून घेतलंस?"

हसली. आणि अचानक विचारलं, "बाई, तुमची तब्येत बरी हाय ना? फोनवर लई हळू बोलता. धड्यात झपाझप बोलता." मी गोंधळले. मग उलगडलं. ही आणि तिच्या मैत्रिणी सगळं काही दुप्पट वेगानं ऐकतात, त्यांच्या कानांना तीच सवय. माझा पहिला धडा ऐकून तिला वाटलं होतं की बाईंना कुठली तरी बस गाठायची आहे.

सहा मिनिटं कधीच संपली होती. सौम्यानं आज घड्याळ पाहिलं नाही.


१७ फेब्रुवारी, सोमवार

तेराही धडे पूर्ण. घसा बसला आहे. हे रोज हळदीचं दूध देतात, आणि "विद्युतरोधाचं सूत्र तू एकदाच सांगितलंस, दोनदा सांगायला पाहिजे होतं," असंही काल म्हणाले. दाराआडून ऐकलं असेल.

मेलच्या कंपनीचं उत्तर आलं. त्यांनी माझ्या तिन्ही धड्यांची पानं तपासली, त्यांत काही धोका नाही, ती आता मोकळी केली आहेत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहेत. पत्र माणसानं लिहिलेलं असावं, कारण त्यात स्पेलिंगची एक चूक आहे. ती पानं मी आता काढून टाकली आहेत. पण "धोका नाही" हे लेखी मिळालं, ते छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.


२८ मार्च, शुक्रवार

विज्ञानाचा पेपर झाला. राजूबाई सकाळपासून दोनदा येऊन गेली, तिला घरी बसवेना. मला तरी कुठं बसवत होतं? दोघींनी मिळून पाच किलो हरभरा निवडला.


२ मे, शुक्रवार

निकाल लागला. विज्ञानात अठ्ठ्याहत्तर. राजूबाईनं फोनवर सांगितलं.

हे म्हणाले, "चल, चिंताकीला जाऊन येऊ." स्कूटर काढली, बसस्टँडवर पेढे घेतले. ऊन कडक होतं, रस्ता रिकामा. एवढ्या दिवसांत दानेश्वरीला मी समोर कधी पाहिलंच नव्हतं.

लिंबाच्या सावलीत बसून ती सुपात ज्वारी निवडत होती. बोटं अशी चालत होती की खडा आपणहून बाजूला व्हावा. मी "दानेश्वरी" म्हटलं मात्र, सूप खाली ठेवून उठली आणि पायांना हात लावायला वाकली. मी तिला जवळ घेतलं. उंच आहे, माझ्या कपाळापर्यंत येते. हे उगाच पेढ्यांचा पुडा सोडत बसले. पुड्याची सुतळी त्यांना फार वेळ सुटली नाही.

तिनं पेपराचं सगळं सांगितलं. उत्तरं लिहून घ्यायला नववीतली एक मुलगी बसली होती. लघुदृष्टीचा प्रश्न आला. दानेश्वरी सांगत गेली, डोळ्याचं भिंग जास्त फुगीर, प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते, मग दूरचं धूसर दिसतं, त्यासाठी अंतर्गोल भिंग. लिहिता लिहिता ती मुलगी थांबली. हळूच म्हणाली, "अक्का, माझ्या चष्म्यात हेच हाय का?"

"मी म्हनलं, व्हय. आता लिही लवकर."

राजूबाई पदर तोंडाला लावून हसत होती. हे तर इतके मोठ्यानं हसले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

चहा झाला. आम्ही निघणार तेवढ्यात दानेश्वरी म्हणाली, "बाई, दहाव्या धड्यात तुमी एक वाक्य म्हनलाव. शेवटाला. 'पावसात इंद्रधनुष्य तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच असेल.'"

एकतीस वर्षांची सवय. वर्गात दरवर्षी तेच वाक्य, त्याच ठिकाणी. भरताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं, आणि ती ते किती वेळा ऐकून बसली होती. मी म्हटलं, "उद्याच पुन्हा भरते बाळ. ते वाक्य काढून टाकते."

"नका काढू," ती म्हणाली. "पहिल्यांदा ऐकलं तवा मी थांबवून लई हसले. सौम्या अक्कानं विचारलं, काय झालं म्हनून. मी म्हनलं, बाई माझ्यासंगं समद्यांसंगं बोलल्यासारखं बोलायल्यात."

घरी आल्यावर तो धडा काढून ऐकला. वाक्य तसंच राहू दिलं आहे.